शिरपूरवालीचं नाव

चोपडा-जळगाव एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. साठीच्या पुढची, मांडीवर केळीच्या वेफर्सची पिशवी, आणि डोळे थेट माझ्या मोबाइलमध्ये. मी कथेतल्या म्हातारीसाठी एआयकडे नाव मागत होतो. पहिल्या खेपेला त्याने टीव्ही मालिकांतल्या सुना पाठवल्या. मी वैतागून नीट सांगितलं की बाई खानदेशातली आहे, कापूस पिकवणाऱ्या घरातली आहे, साठी उलटलेली आहे. मग नवी नावं त्यालाच मोठ्याने वाचायला लावली.

एका नावाला तिने माझं मनगटच धरलं.

"ओ भाऊ, हाई तं मन्हं नाव शे! याले कोनी सांगं?"

"अंदाजाने बोलतोय तो, अक्का."

"गावमा बठ्ठा माले शिरपूरवालीच म्हनतस," ती हसत म्हणाली.

सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची आमच्याकडची रीतच आहे. सासूने सुरुवात केली की सगळी गल्ली तेच म्हणते, आणि नाव राहतं रेशनकार्डावर.

"आखो एकदाव बोलाव ना त्याले."

मी पुन्हा लावलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, मान कलती करून ऐकलं आणि मोबाइलला चक्क "ओ" दिली. धरणगावला उतरेपर्यंत ती गालात हसत होती.

माझ्या म्हातारीला मी तेच नाव दिलं. कथेत तिला सगळे त्याच नावाने हाक मारतात, सासूसुद्धा. आमच्याकडे असं होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेवढं मी खोटंच ठेवलं.