देणगीतलं चित्र

तो पवनारहून बसने यायचा, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा. आमच्या नेत्रशिबिराच्या मदतीसाठी होणाऱ्या लिलावाला दरवर्षी एक चित्र फुकट द्यायचा, आणि दरवर्षी आम्ही त्याला मागच्या रांगेत बसवायचो. काहीही सांगा, मान हलवून म्हणायचा, "जमते नं."

एकदा त्याने धाम नदी काढली. लिलावात ते चित्र विकत घेऊन शेठजींनी तिथेच आमच्या दवाखान्याला भेट म्हणून दिलं.

"पेंटर, आमच्या बाबूजींचं नाव टाक यावर. स्मरणार्थ."

"खाली बारीक टाकू?"

"बारीक काऊन? दुरून दिसलं पाहिजे."

"मंग नदी नाई राहत, शेठजी."

"नदी पवनारले आहेच नं."

मंडप हसला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण सचिव मी होतो. मीही हसत होतो.

"जमते नं," म्हणत त्याने सुबक अक्षरांनी सगळं पाणी झाकलं, कोपऱ्यातल्या सहीसकट.

मी आभार मानले ते शेठजींचे, मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे. आज ते चित्र कोणाचं हे लिहून ठेवायला बसलो, तर त्याचं नाव मला माहीतच नाही.