बाईंच्या मागची गाडी

मुलुंडच्या त्या रस्त्यावरून जायची वेळ आली की आजही माझे कान मागे लागलेले असतात. इंजिनाचा संथ आवाज आला की मान आपोआप वळते, आणि माझ्या शेवटच्या पोस्टिंगमधली ती केस जशीच्या तशी समोर उभी राहते.

नावं कुणाचीच देत नाही. तक्रारदार एक निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. शाळा सुटून कैक वर्षं झाली तरी सगळी वस्ती त्यांना ‘बाई’च म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

पोलीस ठाण्यात आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत रिकामा डबा. ठाणे अंमलदारासमोर बसून त्यांनी एकच वाक्य सांगितलं.

“माझ्या मागे रोज सकाळी एक गाडी येते.”

“रस्ता आहे बाई. गाड्या येणारच,” अंमलदार म्हणाला.

“गाड्या पुढे जातात. ही जात नाही. मी थांबले की थांबते, चालायला लागले की चालते.”

नंबर त्यांनी पाहिला नव्हता. मागे वळून बघण्याची हिंमतच झाली नव्हती. अंमलदाराने अदखलपात्र तक्रार नोंदवून घेतली. मी वरिष्ठ निरीक्षक होतो, केबिनच्या दारातून ऐकत होतो. वर्गात पन्नास पोरांना धाकात ठेवलेली बाई डब्याचं झाकण उगाच उघडत आणि लावत होती. मी त्यांना आत बोलावलं.

आधी त्या रस्त्याविषयी सांगायला हवं. कागदावर चांगला नव्वद फुटी, मध्ये दुभाजक. पूर्वी दोन्ही बाजूंना चार मजली सोसायट्या होत्या आणि तळमजल्याच्या गॅलरीत कुणी ना कुणी तांदूळ निवडत, पेपर वाचत बसलेलं असायचं. आता एकेक इमारत पुनर्विकासाला गेलेली. काम चालू असेल तिथे पत्रे ठोकलेले, फूटपाथ गिळून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत. काम संपलं असेल तिथे टॉवर. त्याचे खालचे सगळे मजले पार्किंगचे, म्हणजे रस्त्याकडे बघणारी खिडकी नाही. प्रत्येक गेटला गाड्या आत जाण्यासाठी उतार, तिथे फूटपाथ तुटतो. पायी चालणाऱ्याने गेटागणिक रस्त्यावर उतरायचं आणि पुन्हा चढायचं. चढायला जागा असेल तर. मी नंतर टेप लावून मोजलं. एका पत्र्याला लागून उरलेला फूटपाथ माझ्या बुटापेक्षा रुंद नव्हता.

बाई रोज सकाळी या रस्त्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायच्या. तिथल्या नव्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर त्यांची नणंद राहायची. अविवाहित, एकटी. पक्षाघाताने पाय गेलेले. सांभाळणारी मावशी दहानंतर यायची. त्याआधीचं तोंड धुणं, चहा, गोळ्या, नाश्ता हे सगळं या वहिनीच्या हातचं.

“रिक्षानं का जात नाही?” मी विचारलं.

“जवळचं भाडं कोण घेतो? आणि घेतलं तरी दुभाजकाला वळसा घालून पार पुढच्या सिग्नलवरून यावं लागतं. चालत मी त्याच्या आधी पोचते.”

“तुमचं कुणाशी वैर?”

“आमच्या बिल्डिंगीत पुनर्विकासाच्या कागदावर तिघांनी सही केलेली नाही. त्यातली मी एक.”

सही का नाही, तेही त्यांनी न विचारता सांगितलं. सही केली की इमारत रिकामी करायची आणि परवडणारी भाड्याची जागा ठाण्याच्याही पलीकडे. “मग वन्संना सकाळी कोण उठवणार? त्या पडून राहतील दहापर्यंत. मी चालते म्हणून त्या उठून बसतात, साहेब. एवढंच आहे ते.”

आणि मग हळूच म्हणाल्या, “मागच्या मीटिंगनंतर बिल्डरचा माणूस मला म्हणाला, ‘बाई, रस्त्यानं जपून चालत जा.’ त्यानंतरच ही गाडी सुरू झाली.”

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला तयार नसलेला माणूस. “रस्त्यावरून ती म्हातारी टीचर जाते ना, तिच्या मागे गाडी लावलीय. ॲक्सिडेंट दाखवून मोकळे होतील. तुम्ही बघा काय ते.” फोन बंद.

निनावी फोनबद्दल माझा अनुभव असा, की सांगणारा माणूस बहुतेक वेळा जागेवरचाच असतो. गाडी रोज दिसेल असा त्या टापूत एकच जण होता, बाईंच्या इमारतीसमोरच्या टॉवरचा वॉचमन. मी साध्या कपड्यांत त्याच्या केबिनपाशी जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदा ‘मैंने कुछ नहीं देखा’ झालं. मग चहा झाला. मग त्याने सांगितलं, की करड्या रंगाची गाडी रोज त्याच्या गेटसमोर इंजिन चालू ठेवून थांबते. हटकलं तर आतला माणूस म्हणतो, ‘बाई निघाल्या की जातो.’ वॉचमनने नंबर दिला. तपासलं तर गाडी कोकणातल्या कुणा जुन्या मालकाच्या नावावर. त्याने विकलेली, घेणाऱ्याने नावावर न केलेली. असल्या गाड्या कशासाठी वापरतात हे पोलिसाला सांगावं लागत नाही.

बिल्डरच्या त्या माणसालाही बोलावून बसवलं. तो घामाघूम झाला. “साहेब, मी खरंच काळजीनं म्हणालो हो. आमचेच डंपर फिरतात तिथे. माझ्या आईला मी त्या रस्त्यानं चालू देत नाही.” माझा विश्वास बसला नाही. सोडला, पण नजरेत ठेवला.

मग सापळा लावला. बाईंना सांगितलं, नेहमीसारखं निघा, मागे बघू नका. साध्या साडीत एक महिला हवालदार त्यांच्या मागे, पत्र्याच्या कडेने. रस्त्याच्या पुढच्या टोकाला आमची एक गाडी. मी दुभाजकापाशी.

माझं घर, ठाणं, कोर्ट सगळं जीपमधून व्हायचं. त्या सकाळी तिथे पायी उभा होतो आणि दोन्ही बाजूंनी वाहनं जात होती. एकाही चालकाची नजर माझ्यावर थांबली नाही. मी तिथे नाहीच असं त्यांचं चाललं होतं. कमरेला पिस्तूल असून मला भीती वाटली, हे लिहायला संकोच नाही.

बाई निघाल्या. करडी गाडी सुटली. अगदी हळू, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर. बाईंना आवाज कळला असावा, कारण त्यांची चाल बदलली. त्या पळत नव्हत्या, पण पिशवी छातीशी धरून झपझप निघाल्या होत्या. पत्रे लागले, फूटपाथ संपला, त्या रस्त्यावर उतरल्या. आणि त्याच क्षणी करडी गाडी एकदम वेगाने पुढे आली आणि त्यांच्याकडे वळली.

हवालदार ओरडली. बाई पडल्या. गाडी त्यांच्या पलीकडे आडवी होऊन थांबली आणि कुठेतरी पत्रा चेपल्याचा आवाज आला. पत्र्यांच्या गेटातून एक मिक्सर अर्धा बाहेर आला होता, पण आम्ही धावलो ते चालकाकडे आणि त्याला खेचून बाहेर काढलं. पंचेचाळिशीचा, बारीक माणूस. बाईंचं मनगट मोडलं होतं. त्यांना दवाखान्यात पाठवलं आणि त्याला ठाण्यात आणलं.

माझा उपनिरीक्षक खूश होता. “साहेब, आपल्या डोळ्यांसमोर झालंय. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावतो.”

चालक मूळचा मालवणकडचा, भाड्याने गाडी चालवणारा. कुणी पाठवलं विचारलं की मान खाली.

“मी काय करूक नाय, साहेब.”

“मग रोज त्यांच्या मागे का जातोस?”

“जातंय.”

“कोण पैसे देतं?”

उपनिरीक्षकाने आवाज चढवला, मी शांतपणे विचारलं, दोन्हीचा उपयोग शून्य. माणूस भेदरला होता, पण त्याच्या भीतीत मला एक गोष्ट खटकत होती. गुन्हेगार स्वतःचं काय होईल ते विचारतो. हा तीनदा एकच विचारत होता, “बाईंका काय झालला? जास्त लागला काय?”

तेवढ्यात ती महिला हवालदार आत आली. “साहेब, एक सांगू? मी त्या गाडीच्या बाजूनंच चालत होते. तिचे चारही इंडिकेटर पहिल्यापासून चालू होते.”

“मग?”

“उडवायला आलेला माणूस दिवे लावून येईल का?”

उपनिरीक्षक हसला. “तुझा भाऊ आहे का तो?”

“नाही सर. पण माझा भाऊ असता तरी मी हेच बघितलं असतं.”

मी कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. टॉवरांचे कॅमेरे सगळे स्वतःच्या गेटकडे रोखलेले. आत येणाऱ्या गाडीचा नंबर स्वच्छ दिसतो, समोरून जाणारा माणूस दिसतच नाही. एका कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात मात्र ते पत्र्यांचं गेट आलं होतं. त्यातून काँक्रीटचा मिक्सर उलटा बाहेर येत होता. मागे शिट्टी मारायला कुणी नाही. बाई उतरल्या त्या नेमक्या त्याच्या मागच्या चाकांच्या वाटेवर. करडी गाडी मधे शिरली. मिक्सर तिच्या दाराला टेकला आणि थांबला.

टेबलावर चालकाचा जप्त केलेला मोबाइल होता. तो मघापासून थरथरत होता. पडद्यावर एकच नाव येत होतं, ‘आत्या’.

“उचलू नकात साहेब,” चालक पहिल्यांदाच नीट बोलला. “माका शपथ घातलीहा.”

मी उचलला. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज, धाप लागलेला. “पोचली का रे ती? किती फोन करायचे तुला? त्या नव्या टॉवरच्या आड मला खिडकीतून काही दिसत नाही. ती आड गेली आणि बाहेरच आली नाही. अरे बोल ना, कुठाय वहिनी?”

मी कोण ते सांगितलं. वहिनी सुखरूप आहे हे आधी सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला, मग फोन ठेवल्याचा.

चालक मग सगळं बोलला. बाईंच्या नणंदेला तो ‘आत्या’ म्हणायचा, पूर्वी त्यांना व्यायामोपचाराला न्यायचा. शपथ होती वहिनींना कळू न देण्याची, आणि शिवाय गाडीचे कागद नीट नव्हते, त्याचीही धास्ती. कागदांचा दंड त्याला भरावा लागला. मिक्सरच्या चालकावर आणि साइटच्या सुपरवायझरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. बिल्डरच्या त्या माणसाला मी स्वतः फोन करून सांगितलं, की तुमच्याबद्दलचा संशय मिटला. तो म्हणाला, “साहेब, पत्रे मागे घ्यायला मी वरती तीनदा सांगितलंय. तुम्हीही सांगा.”

संध्याकाळी प्लास्टर घातलेल्या बाईंना जीपमधून घेऊन मी अठराव्या मजल्यावर गेलो. नणंद खिडकीशी खुर्चीत. पलंगही खिडकीला लागूनच, तिथून पडल्यापडल्याही सगळा रस्ता दिसायचा, मधला एक टॉवरआडचा तुकडा सोडून.

“वन्सं, मेले असते हो मी भीतीनं,” बाई दारातूनच म्हणाल्या.

“भीतीनं कुणी मरत नाही. मिक्सरखाली मरतात.”

“सोबतीला कुणाला तरी पाठवायचं होतं सांगून सवरून.”

“पाठवली नव्हती का मागच्या वर्षी एक पोरगी? परत पाठवलीस तिला. मी काय म्हातारी झाले, म्हणालीस. आणि माणूस पाठवून काय होणार होतं? साहेब, तुम्हीच सांगा. मी रोज इथून बघते. या रस्त्यावर माणसाला बघून गाडी थांबत नाही. गाडीला बघून थांबते. म्हणून मी गाडी पाठवली.”

“मला सांगायचं ना मग.”

“सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, तुमच्यावर खर्चाचा भार नको. आणि यायची बंद झाली असतीस.”

एका हाताने बाईंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. मग चालकाकडे वळल्या. तो चपला काढून दाराबाहेरच उभा होता.

“आत ये रे. मागे येतोस ते ये. पण निघताना हाक मारत जा. मला कळू दे तू आहेस ते.”

पुढे तो तसंच करायचा. वॉचमनने मला सांगितलं, की रोज सकाळी गाडीच्या काचेतून आवाज येतो, “निघालंय हो बाई.” आणि बाई मागे न बघता हात वर करतात.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला मी सविस्तर पत्र लिहिलं, मोजमापांसकट. त्या एका प्लॉटचे पत्रे मागे गेले. पुढच्या प्लॉटचे आले.

नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांना शोधून पकडता येतं. या केसमध्ये शेवटी ज्याच्यापासून बाईंच्या जिवाला धोका होता, त्याला बेड्या घालता येत नव्हत्या. तो रस्ता होता. ज्याला आम्ही गुन्हेगार समजून धरलं, तो त्या रस्त्यावर बाईंची काळजी घेणारा एकमेव माणूस होता. भ्यायलेल्या माणसाची तक्रार खरी असते, फक्त त्याने बोट दाखवलेली दिशा चुकलेली असू शकते. एवढं मी तिथे शिकलो, आणि तेही निवृत्तीच्या तोंडावर.

आता आमचीही सोसायटी नवी झाली आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. समोरच्या दोन्ही इमारतींना पत्रे लागले आहेत. बायको सकाळी भाजीला जाते, पायीच. मी सोबत येतो म्हटलं की हसते. “पोलिसात होतात ना तुम्ही? इतकं काय भ्यायचं?”

मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहतो. ती पत्र्यांच्या आड जाते. पलीकडून तिची पिशवी दिसेपर्यंत मी कपाला तोंड लावत नाही.