म्हशींची वाट

लग्न होऊन मी सांगवीच्या समोर, मुळेकाठच्या बंगल्यात आले. यजमान पिंपरीच्या कारखान्यात साहेब होते. बंगला सासऱ्यांनी निवृत्तीनंतर बांधलेला, तोही केवळ नदीसाठी. मात्र खासगीपणा हवा म्हणून त्यांनी मागे इतका बांबू लावला होता की नदी काही दिसत नसे. शेजारीपाजारी हाच प्रकार. तरी संध्याकाळी सगळे व्हरांड्यात बसून नदीच्या हवेचं कौतुक करत.

ही जमीन पूर्वी सांगवीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. उरलेल्या गवतावर तो म्हशी चारायचा आणि बंगल्यांमागच्या उतारावरून पाण्यावर न्यायचा. शेणाचा वास येतो, अशी तक्रार झाली. सासऱ्यांनी त्याला बोलावून, खुर्ची देऊन समजावलं की इथे लोक नदीसाठी राहायला आले आहेत.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "म्हशीबी नदीसाठीच येत्यात, साहेब. पर तुमची अडचन हाय तर न्हाई आणत."

दुसऱ्या दिवसापासून म्हशी पलीकडच्या काठाला गेल्या. सगळ्यांना फार बरं वाटलं.

पुढच्या भाद्रपदात गणपती विसर्जनाला आम्ही सगळे बंगलेवाले वाजतगाजत मागच्या उतारावर गेलो, तर तिथे वाट नव्हतीच. पावसात घाणेरी आणि बाभळी माजून कमरेच्या वर आल्या होत्या. उतारावरची ती वाट म्हशींच्या खुरांनी मोकळी राहत होती, हे तेव्हा कळलं. रेशमी सोवळी नेसलेली मंडळी पाटावर देव धरून काट्यांपुढे उभी. शेवटी टांगे बोलावले, दापोडीवरून वळसा घातला आणि सांगवीच्या घाटावर पोहोचलो. पाण्यात म्हशी डुंबत होत्या.

म्हाताऱ्याने आम्हाला पाहिलं. त्याने म्हशी बाजूला हाकलल्या आणि सासऱ्यांना चिखलात हाताचा आधार दिला. सासऱ्यांनी संकोचून विचारलं, म्हशी परत आमच्या बाजूला आणता येतील का?

"आता त्यांना हितलं पानी मानवलंय," तो म्हणाला.

परतताना टांग्यात सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं की घाट चांगला आहे, दरवर्षी इथेच येऊ. मी मात्र निघण्याआधी घाटावर जरा मागे रेंगाळले होते. नदीकाठी राहायला आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच मी मुळेत पाय बुडवले, आणि पाणी माझ्या कल्पनेपेक्षा बरंच कोमट निघालं.