न तुटलेला लंगर

त्या हिवाळ्यात खंडोबाशी माझं उघड भांडण चाललं होतं. श्रीकांत, माझा नवरा, डायलिसिसवर होता. नेब्रास्काच्या माळरानावरच्या एका लहानशा गावात आम्ही किडनीची वाट बघत दिवस काढत होतो आणि देव मात्र ढिम्म. सासरी चंपाषष्ठीला लोखंडी साखळी, म्हणजे लंगर, हिसडा देऊन तोडण्याचा मान आहे. तुटला की देवानं ऐकलं, असं मानतात. श्रीकांतच्या अंगात बळ नव्हतं, म्हणून मी ठरवलं, यंदा मी तोडणार. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बायका लंगराला हात लावत नाहीत गं." मी म्हटलं, "मग त्यानं स्वतः खाली येऊन तोडावा, आई."

गावात लोहार एकच, स्टॅन काका. तरुणपणी पोलंडहून आलेले. भट्टीच्या वर काजळीनं काळवंडलेलं मेरीमातेचं चित्र. हा धंदा आता संपला, भट्टी बंद करा, असं त्यांना सगळ्या गावानं सांगून झालं होतं आणि ते कुणाला बधले नव्हते. मी त्यांना सासरच्या लंगराचा फोटो दाखवला, पूजेला हवाय म्हटलं. तोडायचा आहे, हे सांगायचंच राहिलं.

चंपाषष्ठीला सकाळी भंडारा उधळला, येळकोट म्हटलं आणि जीव खाऊन हिसडा दिला. पुन्हा दिला. तळहात सोलवटले, लंगर जसाच्या तसा. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लंगर गाडीत टाकला आणि तडक भट्टी गाठली.

"काका, हा तुटायला हवा होता!"

"तुटायला?" ते माझ्याहून जास्त भडकले. "माझ्या हातची साखळी तुटत नाही. देवासाठी केलेली तर नाहीच नाही."

"एक कडी तरी कच्ची करून द्या."

"नेव्हर!"

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. किडनी मिळाली होती, ताबडतोब निघायला सांगत होते. काकांना कसंबसं सांगितलं आणि घरी जाऊन श्रीकांतला गाडीत घातलं. बाहेर बर्फ सुरू झालं होतं. गावाबाहेरच्या वळणावर गाडी घसरली आणि सरळ चरात गेली. टो ट्रकवाला म्हणाला, संध्याकाळपर्यंत जमणार नाही. श्रीकांत डोळे मिटून म्हणाला, "राहू दे यार. कॅन्सल कर." मी म्हटलं, "गप्प बस. मी अजून हरले नाहीये."

आणि बर्फातून काकांचा जुना ट्रक आला. असल्या हवेत मी एकटीच ड्राइव्ह करणार, या काळजीनं त्यांच्या जिवाला चैन पडेना, म्हणून ते मागोमाग निघाले होते. त्यांची ओढायची साखळी एका शेतकऱ्याकडे गेलेली. "तुझी साखळी काढ," ते म्हणाले.

सकाळपासून गाडीतच पडलेला, भंडाऱ्यानं पिवळा झालेला लंगर काढून गाडीला बांधला. ट्रकनं ओढ घेतली, कड्या करकरल्या. सकाळी तूट, तूट म्हणणारं माझं तोंड आता म्हणत होतं, "मल्हारी, तुटू देऊ नकोस रे." गाडी हळूहळू रस्त्यावर आली. काकांनी लंगर सोडून माझ्या गाडीत टाकला आणि हातानं "निघा" अशी खूण केली.

हा योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. श्रीकांत आज माझ्यासमोर बसून चहा पितोय. भांडणं माझी अजूनही होतात देवाशी, पण काय मागायचं ते आता त्याच्यावरच सोडते. लंगर देवघरात आहे. परवा चंपाषष्ठीला मी पूजेसाठी उचलला, तर फोनवरून सासूबाई ओरडल्या, "अगं, ठेव तो खाली! तुटला बिटला तर?"