चाचांची सीडी आणि तीन अँटीव्हायरस

पनवेलला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. शेजारच्या कापडदुकानातले चाचा रोज दुपारी यायचे. त्यांचा मुलगा कुवेतला. त्याची मेल मी त्यांना वाचून दाखवायची.

एकदा मुलगा सुट्टीवर येऊन गेला आणि चाचांनी नातवाच्या फोटोंची सीडी आणली. आम्ही हौसेनं सगळे फोटो पाहिले. त्याच आठवड्यात कॉम्प्युटर रखडायला लागला. माझ्या मनात आधी ती सीडीच आली.

मी एक फुकटचं अँटीव्हायरस टाकलं. त्याला काहीच सापडेना. म्हणजे तेच कुचकामी, म्हणून दुसरं टाकलं. मग स्पायवेअर पकडणारं तिसरं. आता साधा अर्ज उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. एका सकाळी स्क्रीनवर लाल पाटी आली: व्हायरस सापडला. फाइलच्या नावावरून काही बोध होईना, पण मला पुरावा मिळाला होता.

दुपारी चाचा आले. मी खुर्ची पुढे केली नाही.

"चाचा, तुमच्या सीडीतून व्हायरस शिरलाय. आता इथे मेल नको."

"बेटी, तीच सीडी मी फोटोवाल्याकडे पण लावली. त्याचं मशीन तर ठीक आहे."

"त्याला अजून कळलं नसेल."

ते आल्या पावली परत गेले. पुढे मला कुणाचाच भरवसा वाटेना. नवऱ्यानं आणलेली गाण्यांची सीडीसुद्धा मी घरी परत पाठवली.

शेवटी खारघरहून दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. पाटी वाचून त्या म्हणाल्या, "ही फाइल तुमच्याच दुसऱ्या अँटीव्हायरसची आहे. व्हायरस ओळखायच्या खुणा असतात त्यात. पहिल्याला वाटलं, हाच व्हायरस. तिघंही एकमेकांच्या मागे लागलेत."

"पण कॉम्प्युटर तर त्याआधीपासून रखडत होता?"

"डिस्क भरलीय. पत्रिकांची डिझाइनं किती साठवलीत, बघा."

मी तशीच कापडदुकानात गेले. चाचा कापडाचं ठाण गुंडाळत होते. "चूक माझी होती," एवढंच मला म्हणता आलं.

"शक होता तर विचारायचं होतंस," ते म्हणाले. "तू तर फैसलाच सुनावलास."

त्यांनी मला चहा पाजला. नंतर अर्ज टाइप करायलाही ते माझ्याकडेच आले. मुलाची मेल मात्र फोटोवाल्याकडून वाचून घ्यायचे.