डोळ्याएवढं पोट

सुभद्राबाईंच्या खानावळीत बसलेल्या माणसाला 'पुरे' म्हणायची सोय नव्हती. म्हटलंच, तर "पुरे काय? आखो एक ल्या!" असं म्हणेपर्यंत भाकरी पानात पडलेली असायची. मी परभणीकडचा, सुरतेच्या नवागाममधल्या एका मराठी शाळेत मास्तर. खरं सांगतो, मला त्या आग्रहाचा राग यायचा. पोट माझं, भूक माझी, आणि मर्जी मात्र बाईंची. कधी कधी मी नसलेली एकादशी सांगून सुटका करून घ्यायला बघायचो. तर सुभद्रामावशी साबुदाण्याच्या खिचडीची परातच पुढे आणून ठेवायच्या.

मावशी शिरपूरकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात ऐन तरुण वयात खडी फोडायला गेलेल्या. धाकटा भाऊ पाणी पिऊन झोपायचा, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पुढच्याच वर्षी लग्न करून सुरतेला आल्या, नवऱ्याच्या ओळखीतले कापडाच्या लूमवरचे चार कामगार घरी जेवायला येऊ लागले, चाराचे वीस झाले. मुलगी रंजना नंदुरबारला दिली, आणि मग सगळी माया आमच्या पानांवर येऊन पडू लागली. आपल्या दारातून कुणी अर्धपोटी उठू नये, एवढाच त्यांचा देव आणि एवढाच धर्म.

त्यांचे यजमान सुकलाल आप्पा. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कंजूष. बारा तास लूमवर उभे राहायचे आणि घरी येऊन पुढ्यात पडेल ते खायचे. शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली. साधी जखम, पण भरेचना. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, शुगर फार आहे. भाकरी एकच, गूळ-तूप बंद. दोन महिन्यांत शुगर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल याचीही खात्री नाही.

मी घरी येऊन सगळं मावशींना सांगितलं. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या चहातली साखर बंद केली आणि कणकेच्या बट्टीवरचं तूप वाढवलं.

"मावशी, अहो तूप!"

"औषध गरम पडस, मास्तर. वर तूप नको का? डॉक्टर काय बारा तास लूमवर उभा ऱ्हास?"

मला बाईंपेक्षा आप्पांचा जास्त राग यायचा. डॉक्टरांचं सगळं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी मुकाट्याने खायचे.

त्याच सुमारास शाळेतलं विज्ञान प्रदर्शन संपलं आणि त्यातली माशांची काचेची पेटी अडगळीत जायला निघाली. फूटभर लांब, वीतभर रुंद. ती मी उचलून खानावळीत आणली. यात माझा स्वार्थ होता, तो लपवत नाही. म्हटलं, माशांकडे बघण्यात बाईंचा जीव रमला तर माझ्या पानावरची नजर तरी हटेल.

मासे आणायला मी आणि मावशी उधन्याला ठाकोरभाईंच्या दुकानात गेलो. छपराखाली ओळीने काचपेट्या, आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर बसलेले किरकोळ अंगाचे ठाकोरभाई. मावशींनी सगळ्यांवर एक नजर टाकली आणि चार गोल्डफिश दाखवले, चांगले गुबगुबीत. "खातापिता घरना दिसतंस," म्हणाल्या. ठाकोरभाईंनी आमच्या पेटीचं माप विचारलं आणि मान हलवली. हा मासा वाढतो, घाणही फार करतो, एवढ्याशा पाण्यात याचा निभाव लागायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. नाकापेक्षा मोती जड व्हायचा, असं मीही म्हटलं. पण मावशींना ते गाल आवडले होते.

घरी आल्यावर माशांनी काचेशी येऊन तोंड उघडलं आणि संपलंच सगळं. उघडं तोंड मावशींना बघवत नाही. दुकानातून आणलेला दाणा होताच, शिवाय भाताची शितं, भाकरीचा चुरा. जेवून उठणाऱ्या प्रत्येकाला त्या चिमूटभर घालायला लावायच्या. वीस माणसं, वीस चिमटी. तिसऱ्या दिवशी पाणी पेजेसारखं पांढरं झालं आणि दोन मासे उलटे तरंगले.

"भुके मरनात का वो, मास्तर?" मावशींनी कळवळून विचारलं. मी 'नाही' म्हणेपर्यंत उरलेल्या दोघांपुढे मूठभर भात पडला होता. पाचव्या दिवशी तेही गेले. मावशी दिवसभर जेवल्या नाहीत. मी मनात म्हटलं, अती तिथे माती. मोठ्याने म्हणायची छाती झाली नाही.

पुढच्या सुट्टीला पुन्हा उधन्याला गेलो. या वेळी आप्पा स्वतःहून निघाले, लंगडत, पायाला पट्टी बांधून. ठाकोरभाईंनी मावशींना बोलूच दिलं नाही. एका पेटीतले नखाएवढे गप्पी दाखवले, शेपटीला रंगाचा थेंब लागलेले.

"तमारी पेटीमां पाच. बस."

मावशींचं तोंड उतरलं. "या काय मासा शेतस? यास्नं पोट कितलं?"

"बेन, माछलीनुं पेट एनी आंख जेटलुं," ठाकोरभाई म्हणाले. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. मग आम्हाला नीट कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "भूख से मेरी एक मछली नहीं मरी. खिला-खिला के लोग रोज मारते हैं."

इतका वेळ मागे उभे असलेले आप्पा पुढे आले. "पोट भरनं तरी खास का ती?"

"खाएगी. उसको ना बोलना आता ही नहीं. हाथ दिखा, मुँह खोला."

आप्पा बराच वेळ त्या पेटीकडे पाहत राहिले. मग पाच गप्पी निवडायला त्यांनीच सांगितलं आणि पिशवीही त्यांनीच हातात धरली.

दुपारी वरण-बट्टी होती. सुट्टीमुळे सगळे वीस जण पानावर. आप्पांची एक बट्टी संपली. मावशी दुसरी घेऊन आल्या, तेव्हा आप्पांनी ताटावर हात आडवा धरला. मावशी हसल्या. असे हात त्यांनी रोज वीस बघितलेले. बट्टी कडेने सरकवून त्यांनी सवयीने वरण ओतलं. कढत वरण सरळ आप्पांच्या हातावर पडलं. आप्पांनी हात काढला नाही.

"हात काढा ना!" मावशी ओरडल्या.

"बस, रंजनानी माय. आते नको."

खोलीत सगळ्यांचे घास थांबले. मावशींनी वरणाचं पातेलं खाली ठेवलं, पदराने आप्पांचा हात पुसायला घेतला. तो लालभडक झाला होता. पुसता पुसता त्यांना काय समजलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. माझी इतक्या दिवसांची सगळी चीड त्या क्षणी मलाच बोचली.

"इतला दिन काबर सांगं नही तुम्ही?"

आप्पा खाली मान घालून म्हणाले, "तू वाढस, तवय तुन्हं तोंड पाहस मी. नही म्हनता येत नही."

मावशी आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापलं वाढून घेतलं, आणि सांगायला लाज वाटते, कुणाचंच पोट भरलं नाही.

गप्पी जगले. मावशी सकाळी एकदाच दाणा घालायच्या, चिमटीत मावेल त्याच्याही निम्मा, आणि घालून झाल्यावर पेटीकडे पाठ करून बसायच्या. ती उघडी तोंडं त्यांना अजूनही बघवत नसत.

आप्पांचा अंगठा मात्र वाचला नाही. उशीर झाला होता. फेब्रुवारीत तो काढावा लागला, पाय तेवढा राहिला. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो, तेव्हा मावशी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ताटली मांडली, भाकरी हातात घेतली आणि तशाच थांबल्या.

"कितली देऊ?" त्यांनी विचारलं.

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न आप्पांना कुणी कधी विचारलाच नव्हता. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. मावशी भाकरी हातात धरून तेवढा वेळ गप्प उभ्या राहिल्या.