नारळी पौर्णिमेपर्यंतचं बेअरिंग

डब्यात पोळीभाजीऐवजी फुटलेलं बेअरिंग घेऊन मी घरून निघाले.

आमचं गाव अलिबागजवळच्या खारेपाटातलं. समुद्र शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला यंदा खांड (भरतीने पाडलेलं भगदाड) पडली होती. पोकलेनवाला चिखल पाहून माघारी गेला. त्या चिखलात चालणारा गडी एकच, माझ्या काकांचा साखळीचा ट्रॅक्टर. चाकांऐवजी लोखंडी साखळ्यांवर चालणारा आणि माझ्याहून वयाने मोठा. ऐन वेळी त्याने बेअरिंग फोडून घेतलं. अमावस्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही, तर सगळ्या गावाची भातशेती खारी होणार होती. "हात हलवत येव नको," काका म्हणाले. माझाही तसा विचार नव्हता.

अलिबागच्या दुकानदाराने डबा उघडला आणि हसू दाबलं.

"बेन, हे इंचाचं माप. आता समदा माल मिलिमीटरमधी येते. एखाद्या म्युझियममधी विचारा."

मला राग आला. पण त्याच भल्या माणसाने म्हसळ्याच्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं, म्हणून राग गिळला.

वाटेत पालीला उतरून दोन भंगारवाले पालथे घातले. बल्लाळेश्वराला रस्त्यावरूनच हात जोडले. घरच्यांसाठी पोह्याचे पापड घेतले, ते डब्याशेजारी ठेवण्याचा शहाणपणा केला आणि म्हसळ्याला पोचेपर्यंत सगळे पापड ग्रीसने काळे झाले. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी नाकाला पदर लावला होता, त्याचं कारण मला उतरताना कळलं.

म्हसळ्याचे इब्राहिमचाचा आखातात उभी हयात असलीच यंत्रं चालवून आलेले. चाचींनी पुढे सांदणं (तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोड वड्या) ठेवली. मी खात होते तोवर चाचा बेअरिंग हातात फिरवत राहिले.

"याचा जुळा भाऊ हाय किनाऱ्याला," ते म्हणाले. "पन तो कामावर हाय."

तो होता नावा ओढायच्या विंचमध्ये (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात). असाच एक ट्रॅक्टर मोडून तिथल्या कोळीवाड्याने तो विंच बनवला होता. पावसाळ्याआधी नावा वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला त्याच्याच दोराने सावकाश खाली सोडायच्या. विंच सांभाळायचे गणपत नाखवा, आणि वाड्याची रीत अशी की विंचवाल्याची नाव सगळ्यांत शेवटी चढायची. एवढी एकच राहिली होती. चाचा मला थेट नाखव्यांकडे घेऊन गेले.

"अमावस्येला पानी वरपर्यंत येतं," नाखवा म्हणाले. "तवा नाव चढवतो, मग ने."

घोडं अडलं ते इथेच. ज्या उधाणावर त्यांची नाव चढणार, तेच उधाण आमचा बांध खाणार होतं. मी तसं सांगितलं. आवाज चढला, डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही. दुसऱ्याच्या नावेपुढे आपली शेती मागायची, हे फार जड जात होतं.

नाखव्यांनी कोपऱ्यातला जाड दोर ओढून बाहेर काढला.

"खांड काय नि फुटकी नाव काय, आत शिरनारं पानी येकच," ते म्हणाले. "उद्याच्या भरतीला ओढू. हातानं."

रोजची भरती खालीच थांबते, म्हणजे कोरड्या वाळूवरून ओढणं वाढलं, आणि तेवढा ताण विंचवर टाकला असता तर हेही बेअरिंग फुटलं असतं. नावेखाली ओंडके सरकवत सगळा कोळीवाडा दोराला लागला. मी आणि चाचाही लागलो. "हैसा!" म्हटलं की नाव जेमतेम वीतभर हलायची, की पुन्हा ओंडके पुढे. माझ्या तळहातांची सालं निघाली. चाचा दर दोन पावलांनी विंचकडे बघून उसासा टाकत होते. नाव अखेर जागेवर बसली, तेव्हा ओळखीची नसलेली एक कोळीण माझ्या पाठीवर थाप मारून गेली.

चाचांनी बेअरिंग काढून माझ्या हातात ठेवलं.

"नारली पुनवेच्या आधी परत हवं," नाखवा म्हणाले. "न्हायतर नावा उतरायच्या न्हाईत."

मी घरी पोचले त्याच रात्री काकांनी ते बसवलं. ट्रॅक्टर कण्हत चिखलात उतरला आणि दिवसरात्र माती ढकलत राहिला. उधाणाच्या दिवशी आम्ही सगळे बांधावर उभे होतो. पाणी बांधाला टेकलं, थोडं रेंगाळलं आणि मागे गेलं.

पुढे भाताची आवणी (लावणी) उरकली आणि नारळी पौर्णिमा जवळ आली. मी बेअरिंग डिझेलने धुतलं, जुन्या साडीत गुंडाळलं, बरोबर नारळ घेतला आणि तीच वाट पुन्हा धरली. नाखव्यांनी ते बोटावर फिरवून कानाशी नेलं. "आवाज न्हाय," एवढंच म्हणाले.

शोध मी सोडलेला नाही. अजूनही भंगाराचं दुकान दिसलं की माझी पावलं वळतात. स्वतःचं बेअरिंग आणायला निघाले होते, ते काही मिळालं नाही. बेअरिंग देऊन त्या संध्याकाळी परतले, तेव्हा काका ओट्यावर वाट बघत बसले होते.

"दिलंस?"

"दिलं."

ते उठून ट्रॅक्टरकडे गेले. मला वाटलं, बेअरिंग काढताना खोललेलं झाकण आता कायमचं आवळतील. त्यांनी नुसतं एक जाड फडकं घेतलं आणि भोकावर सुतळीने बांधलं.

"बोल्ट कशाला आवळू?" ते म्हणाले. "पुढल्या साली त्यांच्या नावा चढल्या की परत खोलायचंच हाय."